भिंतीवरील दिवा कोणाचा?

बदलीच्या नोकरीत माणूस भांडी विकतो, कपाटे वाटून टाकतो. परंतु भिंतीवरचे चित्र मात्र गोणपाटात गुंडाळून पुढल्या गावी नेतो. रायपूरच्या आमच्या बिऱ्हाडीही असे एक चित्र बैठकीत टांगलेले आहे. नेसूचे सावरून उभी असलेली एक गृहिणी, एका हाती दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा आणि बोटांच्या फटींतून उमटलेली तांबूस आभा. चित्र तैलरंगातील आहे. अर्थात मूळ नव्हे, हाताने रंगविलेली प्रत. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, ‘रविवर्म्याचे ना?’ आणि आम्हीही कित्येक वर्षे ‘होय’ म्हणत आलो. ती आमची चूक होती, आणि तिच्या निमित्तानेच हा लेख.

राजा रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १९४५-४६ च्या सुमारास काढलेले आहे. मग ते त्यांच्या नावावर का चढावे? कारण उघड आहे. सामान्य गृहस्थाच्या भिंतीवर चित्र नेऊन लावण्याचे श्रेय प्रामुख्याने रविवर्म्यांचेच. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथून निघालेली शिळाछापाची रंगीत चित्रे देव्हाऱ्यापासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचली. हौशी स्त्रिया त्यांतील लक्ष्मी-सरस्वतींच्या वस्त्रांवर जर आणि टिकल्या चिकटवीत. नागपूर-आसनसोल लोहमार्ग १८९१ मध्ये पुरा झाला आणि रायपूर मुंबई-कलकत्त्याच्या हमरस्त्यावर आले. तेव्हा अशी चित्रे या बाजूस कोणत्या वाटेने आली असतील हे निराळे सांगावयास नको. परिणाम असा झाला की, घरात टांगलेली सुरेख स्त्री म्हणजे रविवर्म्याची, हे समीकरण आमच्या मनात कायमचे बसले.

छापील चित्रावर ज्यांचे समाधान होत नसे, ते हाताने रंगविलेली प्रत घेत. प्रत म्हणजे हलके काम, असा आमच्यात एक समज आहे. तो इतिहासाला धरून नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलप्रती करण्याचे काम मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ मध्ये हाती घेतले आणि त्यात आयुष्याची कितीतरी वर्षे घातली. त्यांतील बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या स्फटिकमहालातील आगीत भस्मसात झाल्या. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून तेच काम पुन्हा करवून घेतले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. पोपटाला चारा घालणाऱ्या पारशी स्त्रीसारखी घरगुती जीवनाची चित्रे काढून पुढे नावारूपास आले ते हेच. त्यांचा हात लेण्यांतील प्रतीकामातच बसला होता. याही प्रतींपैकी पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. पण ज्या उरल्या त्या आज, भिंतीवरचा रंग उडाला असता, साक्षीदार म्हणून उपयोगी पडतात.

आता आमच्या दिव्याकडे वळू. त्याचे जनक सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, सावंतवाडीचा. शिक्षण मुंबईच्या कलाशाळेत. १९०८ मध्ये त्यांनी स्वतःचा चित्रकलावर्ग काढला व १९६८ मध्ये ते वारले. दिवा घेऊन उभी असलेली ती स्त्री म्हणजे त्यांची कन्या गीता. त्या शंभरी ओलांडून २०१८ मध्ये कोल्हापुरास निवर्तल्या. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात, अंधारलेल्या दालनात ठेवलेले आहे.

आणि मुख्य गोष्ट ही की, ते तैलरंगात नाहीच, जलरंगात आहे! जलरंगात उजेड हा कागदाचाच असतो. चित्रकार तेथे रंग पातळ ठेवतो, किंवा ठेवतच नाही. एकदा चुकले की पुसून सुधारण्याची सोय जवळजवळ नाही. तैलरंगात नेमके उलटे. चौकोन आखून आकृती कॅनव्हासवर उतरवायची, आधी काळोख भरायचा आणि मग जवसाच्या तेलात कालवलेला फिका, दाट रंग ज्योतीच्या जागी वर चढवायचा. हे जवस छत्तीसगढच्या शेतांतही पिकते! आमच्या प्रतीतील बोटांवरची लाली अंमळ जाड झाली आहे, हे आता आम्हांस दिसते. परंतु प्रतकाराने प्रयत्नात कसूर केलेली नाही. त्याने एका भाषेतील गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगितली आहे.

भाषेचा विषय निघाला म्हणून याच शहरातील एका थोर पुरुषाचे स्मरण होते. पेंड्र्याहून १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे १९२६ मध्ये रायपुरातच वारले. समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. त्या अनुवादामुळे टिळकांचे नाव कोणी विसरले नाही आणि सप्र्यांचेही नाव पुस्तकावर राहिले. मग चित्राच्या बाबतीतच आपण असे बेफिकीर का? पुस्तक घेताना आधी लेखकाचे नाव पाहणारे आम्ही, चित्र घेताना मात्र फक्त लांबीरुंदी आणि चौकटीची किंमत विचारतो. मराठी घर मुलखाबाहेर गेले म्हणजे भिंतीवरचे एखादे चित्र हाच त्याचा मुलूख होतो. तेथेही मूळ धन्याचे नाव दुसऱ्याच्या खात्यावर पडावे, हे बरे नव्हे.

गेल्या रविवारी आम्ही चित्र उतरविले आणि चौकटीमागे एक कागद चिकटविला: मूळ चित्रकार सावळाराम हळदणकर, मूळ माध्यम जलरंग, मूळ चित्राचे स्थान म्हैसूर. खाली ‘प्रतकार’ असे लिहून हात थबकला. चित्र विकत घेतले त्या दिवशी त्याचे नाव विचारण्याचे आम्हांस सुचलेच नव्हते. ती ओळ तशीच कोरी आहे.