माँ दंतेश्वरीचा दवाखाना

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या अरण्यभागात गोंड आणि माडिया समाजाची वस्ती आहे. माडिया ही द्रविड कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते शेजाराचे, रक्ताचे नव्हे. बेळगाव, इंदूर वा हैदराबाद येथील मराठी माणसाला परभाषेत दुखणे सांगताना होणारी ओढाताण ठाऊक आहे. गडचिरोलीच्या जंगलात मात्र ती ओढाताण माडिया रुग्णाची असते, आणि सरकारी दवाखान्याच्या मेजामागची भाषा मराठी असते. या इतिहासाकडे आपण पाहावे ते या अंगाने.

बाबा आमटे यांनी १९७३ साली भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे आधी माडिया भाषा शिकून घेतली. रुग्ण झाडाखाली तपासले जात आणि नातेवाईक त्यांच्याजवळच राहत. रुग्णाने दवाखान्याची रीत शिकावी, हा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेमार्फत गडचिरोलीत काम आरंभिले. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हा प्रश्न त्यांनी आदिवासींनाच विचारला. उत्तरे साधी होती. मोठ्या इमारतीत माणूस हरवतो. नातेवाइकांना बाहेर काढतात. डॉक्टर-परिचारिकांचे कपडे पांढरे, आणि पांढऱ्या कापडात तर प्रेत गुंडाळतात. अज्ञान म्हणून सोडून द्यावीत अशी ही कारणे नव्हेत. आजारी माणसाला धीर कशाने येतो, हे त्यांत सांगितलेले होते. म्हणून शोधग्राममध्ये खेड्यासारखा, झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला. नातलगांची सोय झाली आणि बस्तरच्या दंतेश्वरी देवीचे नाव त्याला मिळाले. बदलले ते घर आणि वागणे. हिवतापाचे निदान रक्ततपासणीनेच होत राहिले.

ऐकून घेण्याचे हे मोल शास्त्रालाही कळले. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी केली. ती १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, पण पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. पुढे ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरीच काळजी घेण्यात आली. ही गावे सर्वस्वी आदिवासी नव्हती. परंतु बाळंतीण व अर्भक घराबाहेर पडत नाहीत, हे वास्तव तेथेही होतेच. दर हजारी सुमारे ६२ असलेला नवजात मृत्युदर २५ च्या आसपास आला. १९९९ साली हे निष्कर्षही ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ पासून भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्तीमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली.

तरीही एक अवघड प्रश्न उरतो. माडिया आणि गोंड गावांत मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीने ‘कुर्माघरा’त वेगळे राहण्याची चाल आहे. ही घरे बहुधा मोडकी आणि काळोखी असतात. अलीकडे काही गावांत त्यांच्या जागी पक्की, स्वच्छ घरे बांधली गेली. त्यामुळे स्त्रियांचे हाल कमी झाले, असे एक मत. चुकीची चाल त्यामुळे पक्की झाली, असे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे. समाजाचा मान राखायचा म्हणजे त्या समाजातील कोणाचा, हे येथे ठरवावे लागते. पंचांचे म्हणणे आणि त्या घरात रात्र काढणाऱ्या मुलीचे म्हणणे एकच असेल असे नाही.

पांढऱ्या कपड्यांची भीती कळली ती रुग्णांनाच विचारल्यामुळे. कुर्माघराविषयीचा निर्णयही त्या मुलीला विचारून, तिच्या भाषेत विचारून व्हावा, एवढा धडा हा इतिहास निश्चित देतो.