रक्तसंक्रमण आणि शिकाऊ डॉक्टर : चंद्रपूर-गडचिरोलीचा संदर्भ

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचे वर्गीकरण मांडले आणि रक्तसंक्रमणास शास्त्रीय अधिष्ठान लाभले. तथापि, रक्तगट जुळला म्हणजे रक्त देणे योग्यच, असे नाही. सिकलसेलग्रस्त वनप्रदेशात हा भेद महत्त्वाचा ठरतो. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तिच्या प्रारंभीच्या संशोधनात गडचिरोलीतील सिकलसेलचे अस्तित्व स्पष्ट झाले.

या रुग्णाचे हिमोग्लोबिन मुळातच कमी असते व शरीर त्या पातळीशी जुळवून घेते. केवळ आकडा पाहून रक्त चढविले आणि पातळी १० ग्रॅमच्या वर गेली, तर रक्त दाट होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबण्याचा धोका संभवतो. वारंवार रक्त दिल्याने लोह साचते. प्रतिद्रव्ये निर्माण झाल्यास पुढे अनुरूप रक्त मिळणे दुष्कर होते. याउलट पक्षाघात वा तीव्र रक्तक्षयात रक्त देण्यातील विलंबही घातक ठरतो.

चंद्रपुरात २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे हा विवेक शिकविण्याची जबाबदारी आता जिल्ह्यातच आली आहे. रक्त कसे द्यावे, याइतकेच ते केव्हा देऊ नये, हेही आंतरवासितेच्या काळात रुग्णशय्येपाशी शिकविले जाणे अगत्याचे आहे.