पाठीतले पाणी, काळी शाई आणि बुरशीचे निदान

प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णाच्या मेंदूपर्यंत बुरशी पोहोचते तेव्हा मान ताठणे, ताप ही ओळखीची लक्षणे पुष्कळदा पुसट असतात आणि म्हणून या निदानात उपकरणाइतकेच महत्त्व वेळेवर येणाऱ्या शंकेला राहिले आहे. कबुतरांच्या विष्ठेत वाढणारी क्रिप्टोकोकस ही बुरशी श्वासावाटे फुप्फुसात व तेथून मेंदूच्या आवरणात जाते. ती मानवी शरीरात ओळखली गेली १८९४ मध्ये, जर्मनीत, आणि त्याच्या तीनच वर्षे आधी क्विंके या वैद्यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून पाठीतले पाणी, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव, काढण्याची पद्धत मांडली होती. या द्रवात काळ्या शाईचा थेंब मिसळला की बुरशीभोवतीच्या जाड कोशात शाई शिरत नाही आणि प्रत्येक पेशीभोवती उजळ वलय दिसते.

तपासणी एवढी सोपी असूनही निदान हुकते, कारण एचआयव्ही-बाधितांच्या द्रवात पांढऱ्या पेशी फारशा वाढत नाहीत, नेहमीचा अहवाल जवळजवळ निर्दोष येतो, आणि क्षयरोग सर्वपरिचित असलेल्या महाराष्ट्रात आठवडेच्या आठवडे टिकणारी डोकेदुखी क्षयजन्य मेंदूज्वराची समजली जाणे सहज घडते. बुरशीच्या कोशातील शर्करा रक्तातही हुडकणारी चाचणी आल्यावर मात्र, डोके दुखू लागण्याआधीच रोग पकडणे शक्य झाले.

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या संगतीने म्युकरमायकोसिस पसरला तेव्हा पाठीतले पाणी तपासण्याची ही विद्या उपयोगी पडली नाही. नाकातून डोळ्याच्या खोबणीत व पुढे मेंदूत शिरणारी ही बुरशी पाठीतल्या पाण्यात सहसा सापडत नाही. नाकातील काळवंडलेला तुकडा काढून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, आडपडदे जवळजवळ नसलेले, काटकोनात फुटणारे तंतू शोधावे लागतात. ही बुरशी रक्तवाहिन्या बंद पाडत पुढे सरकत असल्याने येथे दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. म्हणून तपासणी किती जवळ होते हे निर्णायक ठरते; उदाहरणार्थ, महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यात त्या लाटेच्या वेळी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. तुकडा काढणारा कान-नाक-घसातज्ज्ञ आणि तो लगोलग पाहणारा सूक्ष्मजीवतज्ज्ञ एकाच छताखाली मिळावेत, असे शासकीय महाविद्यालय शेजारच्या नांदेडला होते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हिंगोलीचा समावेश झाला, आणि अशा महाविद्यालयाला सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आवश्यकच असल्याने कळमनुरी वा सेनगावच्या रुग्णाचा नमुना जिल्ह्यातच पाहिला जाण्याची सोय आता उभी राहू शकते.