रजत, लोह आणि पेयजल

पेयजलशुद्धीच्या इतिहासात बंगालच्या कूपनलिकेचे उदाहरण विचारप्रवर्तक आहे. तळ्यांच्या पाण्यातून फैलावणाऱ्या पटकी-अतिसारास आळा बसावा, या हेतूने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम बंगाल व बांगलादेश येथे असंख्य कूपनलिका खोदण्यात आल्या. जंतूंचे भय त्यामुळे कमी झाले. परंतु पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली व बांगलादेशात १९९३ साली त्याच भूजलात आर्सेनिक असल्याचे उघडकीस आले. एका दोषाचा उपाय दुसऱ्या दोषास कारण झाला. अब्जांश तंत्रज्ञानाची परीक्षाही याच प्रसंगाच्या प्रकाशात करणे उचित ठरेल.

अत्यल्प धातूच्या जंतुनाशक शक्तीचे विवेचन कार्ल नेगेली यांच्या १८९३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधात आढळते. म्हणजे रजताचा हा गुण नवा नव्हे. नवा आहे तो त्याचा आकार व आधार. कण जितका सूक्ष्म, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक. साहजिकच थोड्या धातूत अधिक कार्य साधते. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्राने भाताच्या तुसाची राख गाळणीसाठी उपयोगात आणली होती. त्याच राखेवर रजताचे अब्जांश कण बसवलेले ‘टाटा स्वच्छ’ हे शुद्धियंत्र डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आले. त्यास वीज लागत नसे, की नळाचे पाणी.

तथापि, रजत जंतूंचा नाश करते. आर्सेनिकपुढे मात्र ते निरुपयोगी आहे. तेथे लोहाचे साहाय्य घ्यावे लागते, कारण लोहाच्या ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर आर्सेनिक घट्ट धरले जाते. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, सुमारे १२ नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे स्फटिक आर्सेनिकसह सौम्य चुंबकाच्या योगे पाण्यातून वेगळे काढता येतात. मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये टी. प्रदीप व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये लोहाचे असे सूक्ष्म कण बद्ध केले. त्यामुळे कण पाण्याबरोबर वाहून जात नाहीत. या पद्धतीचा उपयोग पश्चिम बंगालमध्येही झाला आहे.

मात्र, लोहाने धरलेले आर्सेनिक नष्ट होत नाही. ते केवळ स्थलांतर करते. वापरून झालेली गाळणी उघड्यावर पडली, तर तेच विष पुन्हा मातीत उतरण्याचा संभव राहतो. तेव्हा शुद्ध पाण्याबरोबरच मागे उरलेल्या अवशेषाचाही हिशेब ठेवणे अगत्याचे आहे. कूपनलिका खोदताना खालच्या पाण्याची परीक्षा राहून गेली होती. ती चूक दुसऱ्या रूपाने पुन्हा घडू नये, हाच या इतिहासाचा बोध होय.