जुन्या डिझेल ट्रकसाठी मोबाइल-स्कॅनरची निवड : अमेरिकेतील वायुप्रदूषणविषयक कायद्यांच्या इतिहासाच्या प्रकाशात

प्रस्तावना

अमेरिकेत १९९० च्या दशकातील अनेक डिझेल ट्रक आजही वापरात आहेत. शेतकरी, छोटे कंत्राटदार आणि स्वतंत्र गॅरेजचालक यांच्या उपजीविकेचे ते साधन आहे. अशा ट्रकमधील बिघाड ओळखण्यासाठी मोबाइल फोनला जोडता येणारा, मुठीत मावेल एवढा स्कॅनर आज सहज मिळतो. त्याच्या वेष्टनावर बहुधा 'सर्व वाहनांसाठी उपयुक्त' असे छापलेले असते. प्रत्यक्षात मात्र एकच स्कॅनर एका ट्रकशी बोलतो, दुसऱ्याशी अर्धवट बोलतो आणि तिसऱ्यापुढे मूक राहतो. हा फरक केवळ यंत्राच्या गुणवत्तेचा आहे, असे मानणे अपुरे ठरते. वाहनाचा संगणक कोणती माहिती कोणत्या भाषेत देईल, हे गेल्या साठ वर्षांतील वायुप्रदूषणविषयक कायद्यांनी ठरवले आहे. म्हणून स्कॅनरची निवड करणे म्हणजे त्या कायद्यांच्या इतिहासात आपल्या ट्रकचे स्थान शोधणे होय. या विधानाची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

धुरके आणि कायदा

या इतिहासाची सुरुवात लॉस एंजेलिस शहरात होते. १९४३ च्या उन्हाळ्यात तेथे डोळ्यांची आग करणारे दाट धुरके पसरले. आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्याचे कारण स्पष्ट केले. मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची प्रक्रिया होऊन हे धुरके तयार होते, असे त्यांनी दाखवले. १९६७ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने वायू संसाधन मंडळ स्थापन केले आणि १९७० मध्ये संघराज्याचा स्वच्छ हवा कायदा अधिक कठोर झाला. उत्सर्जनाच्या मर्यादा पाळण्यासाठी उत्पादकांना इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे सोपवावे लागले. परंतु प्रत्येक कंपनीचे सॉकेट वेगळे, दोषसंकेत वेगळे आणि ते वाचण्याचे साधनही वेगळे होते.

कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेल-वर्षापासून 'ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स' म्हणजे ओबीडीचा पहिला नियम लागू केला. त्यामुळे उत्सर्जनाशी निगडित भागांवर देखरेख ठेवणे वाहनातील संगणकावर बंधनकारक झाले; भाषेची विविधता मात्र कायम राहिली. १९९० मध्ये स्वच्छ हवा कायद्यात झालेल्या दुरुस्तीने निदानव्यवस्था देशभर अनिवार्य केली. तिच्याविषयीची माहिती दुरुस्ती करणाऱ्यांना उपलब्ध करून देण्याचे बंधनही उत्पादकांवर घातले. १९९६ च्या मॉडेल-वर्षापासून मोटारी व हलक्या ट्रकांत ओबीडी-२ आणि सोळा पिनांचे समान सॉकेट सार्वत्रिक झाले. कॅलिफोर्नियात डिझेल वाहनांसाठी हे वर्ष १९९७ होते.

सॉकेट एक झाले तरी भाषा एक झाली नाही. नियमाने एकाहून अधिक संदेशपद्धती मान्य केल्या होत्या. फोर्डने जे-१८५० ची एक आवृत्ती स्वीकारली, जनरल मोटर्सने तिचीच दुसरी. इतर अनेक उत्पादकांनी आयएसओ मानके पसंत केली. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेली 'कॅन' पद्धती हलक्या वाहनांत अनिवार्य होण्यास २००८ चे मॉडेल-वर्ष उजाडले. परिणामी २००८ पूर्वीच्या ट्रकसाठी स्कॅनर घेताना तो कोणकोणत्या जुन्या पद्धती जाणतो, हे पाहणे अपरिहार्य ठरते.

वजनाची सीमारेषा

अमेरिकन कायद्याने वाहनांची विभागणी वजनक्षमतेनुसार केली. १४,००० पौंडांहून (सुमारे ६,३५० किलो) अधिक वजनाच्या ट्रकांना ओबीडीचा नियम २०१० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि २०१३ मध्ये तो पूर्णत्वास गेला. तत्पूर्वी या ट्रकांत निदानव्यवस्था नव्हती असे नाही. मालवाहतूक व्यवसायाच्या गरजेतून ऑटोमोटिव्ह अभियंत्यांच्या संस्थेने जे-१७०८ व जे-१५८७ आणि पुढे जे-१९३९ ही मानके तयार केली होती. त्यांचे सॉकेट गोल होते. आधी सहा पिनांचे, नंतर नऊ पिनांचे. म्हणजे हलक्या वाहनांची परंपरा शासकीय सक्तीतून घडली, तर अवजड वाहनांची व्यवसायाच्या सोयीतून. मोटारीसाठी बनवलेला स्कॅनर केवळ सॉकेट बदलणारी वायर लावून सहा पिनांच्या जुन्या ट्रकवर चालत नाही, याचे कारण या दुहेरी परंपरेत आहे. वायर आकार बदलते. भाषा बदलत नाही.

काही ट्रक तर या दोन्ही परंपरांच्या अलीकडचे आहेत. १९९४ ते १९९८ या काळातील डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे बारा व्हॉल्व्हचे इंजिन असे. (हीच कमिन्स कंपनी १९६२ पासून पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स या नावाने परिचित होती.) या इंजिनाला डिझेल पुरवणारा बॉशचा पंप पूर्णतः यांत्रिक होता. तेथे इंधनप्रणालीचा बिघाड दाबमापक, पाना आणि अनुभवी कान यांनीच शोधावा लागतो; कितीही महाग स्कॅनर त्याविषयी काही सांगू शकत नाही.

यादीबाहेरचा आकडा

फोर्डचे ७.३ लिटरचे 'पॉवर स्ट्रोक' डिझेल इंजिन या विवेचनात सर्वांत बोलके उदाहरण ठरते. १९९९ ते २००३ या वर्षांतील 'सुपर ड्यूटी' ट्रकांत सोळा पिनांचे सॉकेट आहे. त्यामुळे साधा स्कॅनरही जोडला जातो आणि इंजिनाचे फेरे, सामाईक दोषसंकेत दाखवतो. परंतु या इंजिनातील इंजेक्टर उच्च दाबाच्या इंजिन-ऑइलने चालतात. हा दाब सुमारे ५०० पौंड प्रति चौरस इंचापर्यंत पोहोचला नाही, तर इंजिन सुरू होत नाही. ट्रक सकाळी सुरू होत नसेल तर मेकॅनिकला प्रथम हाच आकडा हवा असतो. तो त्या काळच्या सामाईक यादीत नाही. फोर्डच्या खास संकेतांखाली आहे.

असे का व्हावे? सामाईक यादी धुराच्या नियंत्रणासाठी तयार झाली होती, दुरुस्तीच्या सोयीसाठी नव्हे. कायद्याने जेवढे मागितले तेवढे सर्वांना खुले झाले. उरलेले उत्पादकाच्या साधनांपुरते सीमित राहिले. ही दरी भरून काढण्याचे काम पुढे फोर्स्कॅनसारख्या, विशिष्ट कंपनीच्या संकेतांचा उलगडा करणाऱ्या ॲपनी केले. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी दुरुस्तीच्या अधिकाराचा कायदा मोठ्या बहुमताने संमत केला, त्यामागेही हीच अस्वस्थता होती. स्वतःच्या मालकीच्या वाहनात काय बिघडले आहे हे जाणण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यातील मूळ प्रश्न होय.

स्वस्त अडॉप्टर आणि मोबाइल

मोबाइल-स्कॅनरचा प्रसार प्रामुख्याने कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीच्या ईएलएम-३२७ या चिपमुळे झाला. २००५ मध्ये बाजारात आलेली ही चिप ओबीडी-२ च्या सर्व संदेशपद्धतींचे साध्या आज्ञांत रूपांतर करीत असे. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हते. त्यामुळे असंख्य नकला निघाल्या आणि ज्ञान स्वस्त झाले. पण अनेक नकलांत नेमक्या जुन्या जे-१८५० पद्धती नीट चालत नाहीत. नव्या मोटारीवर हा दोष लक्षातही येत नाही, जुन्या फोर्डवर मात्र तत्काळ उघड होतो. मूळ कंपनीने २०२२ मध्ये व्यवसाय बंद केला. शिवाय मूळ चिपमध्येही अवजड ट्रकांच्या जे-१७०८ ची सोय नव्हती.

फोनचा प्रश्न यानंतर येतो. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालणारी साधी अडॉप्टरे अँड्रॉइड फोनशी जुळतात. आयफोनसाठी वाय-फाय, कमी ऊर्जेचे ब्लूटूथ किंवा ॲपलची मान्यता असलेले साधन लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम ट्रकचे मॉडेल-वर्ष आणि दाराच्या चौकटीवरील पट्टीत नोंदलेली वजनक्षमता पाहावी. नंतर सॉकेटचा आकार, त्यामागील संदेशपद्धती, हवी ती खास माहिती देणारे ॲप आणि त्या ॲपला मान्य असलेले अडॉप्टर पाहावे. फोनचा विचार सर्वांत शेवटी करावा. सामान्य ग्राहक बहुधा याच्या उलट क्रमाने जातो व निराश होतो.

इतिहासाच्या अभ्यासकासाठी यातील बोध अधिक व्यापक आहे. तांत्रिक मानके तटस्थ नसतात. ज्या हेतूने ती निर्माण होतात त्या हेतूची मर्यादा त्यांच्यात कायमची राहते. शहरातील हवा शुद्ध व्हावी म्हणून केलेल्या कायद्याने मेकॅनिकच्या हाती वाहनाच्या अंतरंगाची किल्ली दिली, हे त्याचे अनपेक्षित श्रेय. त्या किल्लीने सर्व दारे उघडत नाहीत, ही त्याची मर्यादा. जुन्या ट्रकच्या मालकाला या दोन्ही गोष्टींचा प्रत्यय आजही एकाच पडद्यावर येतो.