सफेदीखालची लाल रेघ

सोनईच्या आमच्या घरी कोंबड्या होत्या. अम्मा उकडलेलं अंडं सोलून हातावर ठेवायची आणि म्हणायची, "खाली सफेदी नको खा, जर्दी बी खा." शेजारच्या काकू त्याच सफेदीला पांढरा बलक म्हणत. एकदा शाळेच्या निबंधात मी 'अंड्याची सफेदी' असं लिहिलं. गुरुजींनी शब्दाखाली लाल रेघ ओढली. "हा शब्द आपला नाही," म्हणाले. ती रेघ अजून डोळ्यांपुढे आहे.

नुसतं 'बलक' म्हटलं की आपल्याला बहुधा पिवळाच आठवतो. दुसऱ्याची ओळख सांगायला 'पांढरा' जोडावं लागतं. इतर भाषांनीही रंगाचाच आधार घेतला. विज्ञानाच्या पुस्तकातलं 'अल्ब्युमिन' लॅटिन 'आल्बस'वरून आलं. आल्बस म्हणजे पांढरा. अरबीत 'अब्यद' म्हणजे पांढरा आणि 'बैदा' म्हणजे अंडं. दोन्ही एकाच धातूपासून झालेले. मुंबईच्या बैदा रोटीतला बैदा तो हाच. शायर आपल्या कवितांच्या वहीला 'बयाज' म्हणतात, तोही शब्द याच घरचा. त्याचा मूळ अर्थ शुभ्रपणा.

आता अम्माची सफेदी. 'सफेद' हा शब्द फारसी. पण फारसी आणि संस्कृत या भाषा एकाच कुळातल्या. संस्कृतात जिथे 'श्व' येतो, तिथे जुन्या इराणी भाषेत 'स्प' दिसतो. इकडे अश्व, तिकडे अस्प. इकडे श्वेत, तिकडे स्पएत. त्याच मुळातून पुढे सफेद. म्हणजे गुरुजींचा श्वेत आणि अम्माची सफेदी ही चुलत भावंडं निघाली!

माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला. पुढे तेच भाषाशुद्धीचे आग्रही झाले. तेव्हा गुरुजींना एकट्यांना काय दोष द्यायचा? तेही शेवंतीला कौतुकानं 'पिवळीजर्द' म्हणत. त्यातला 'जर्द' म्हणजे फारसीतला पिवळा. त्याखाली रेघ ओढावी असं त्यांच्या कधी मनात आलं नाही, कारण तो शब्द त्यांच्या आईच्या तोंडून आला होता.

माझाही तसाच आला. अम्माच्या त्या एका वाक्यात सफेदी आणि जर्दी फारसी, 'नको' मात्र अस्सल मराठी. आता लाल रेघ नेमकी कुठं ओढायची?

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)