‘सार्वजनिक’ या शब्दाची कसोटी

वस्तीचा इतिहास म्हणजे केवळ तेथील रस्त्यांचा व इमारतींचा इतिहास नव्हे. शेजाऱ्यांनीं एकत्र येऊन कोणत्या संस्था उभारल्या आणि त्या संस्थांच्या दाराशीं कोणाला थांबविलें, याचाहि तो इतिहास असतो. मुंबईंतील दादरच्या रहिवाशांपुढें हा प्रश्न १९२६ सालीं गणपतीच्या मंडपांतच उभा राहिला.

दादरच्या नव्या वस्तीचें मूळ एका संकटांत आहे. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग शिरला. १८९८ मध्यें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहरांतील दाटी कमी व्हावी म्हणून दादर-माटुंगा भागांत रुंद रस्त्यांच्या वसाहती आंखण्यांत आल्या. पुढें कारकून, शिक्षक, वकील अशीं पांढरपेशीं कुटुंबें तेथें स्थायिक झालीं. गांवचा देव आणि गांवची जत्रा मागें राहिलेल्या या लोकांना शेजारधर्माची घडी नव्यानें बसवावी लागली. गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ मध्यें सुरू झालेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाचा नमुना त्यांच्यापुढें होताच.

उत्सव वर्गणीवर चालतो. आणि वर्गणी आली कीं हक्काचा प्रश्न येतो. १९२६ मध्यें दादरला तो प्रश्न ‘प्रबोधन’कार केशव सीताराम ठाकरे आणि रावबहादुर सीताराम केशव बोले यांनीं पुढें मांडला. उत्सव सर्व हिंदूंचा म्हणवितो, तर अस्पृश्य हिंदूंना मूर्तीच्या पूजेचा अधिकार कां नसावा, असें त्यांचें म्हणणें होतें. बोले यांचें नांव या बाबतींत नवें नव्हतें. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व विद्यालयें अस्पृश्यांना खुलीं असावींत, हा ठराव त्यांनींच १९२३ मध्यें मुंबई कायदे कौन्सिलांत मंजूर करून घेतला होता. दादरच्या या वादप्रसंगीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरहि उपस्थित होते. दुसऱ्या पक्षाला मात्र रूढीचा भंग नको होता.

अखेर तडजोड निघाली. अस्पृश्य कार्यकर्त्यानें फुलें पुजाऱ्याच्या हातीं द्यावीं व पुजाऱ्यानें तीं मूर्तीला वाहावीं, असें ठरलें. तडजोडीनें तंटा मिटला. प्रश्न मात्र अर्धाच सुटला. फुलें मूर्तीपर्यंत पोंचलीं, पण तीं देणारा हात अलीकडेच राहिला.

ही उणीव ओळखूनच ठाकरे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच वर्षीं दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. जुन्या मंडपांत मान मिळत नसेल तर नवा मंडप उभारावा, हा त्यामागील व्यवहारी विचार होता. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, मार्च १९२७ मध्यें, महाडच्या चवदार तळ्यावर बोले यांच्या ठरावाची खरी कसोटी लागली. कौन्सिलांत संमत झालेला हक्क प्रत्यक्षांत आणण्यासाठीं हजारों माणसांना तळ्याकडे चालत जावें लागलें.

त्याच १९२७ सालीं, दादरच्या शेजारच्या माहीम पार्कला, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानें, शिवाजी पार्क हें नांव मिळालें. मैदानाला नांव देणें हें एका ठरावाचें काम आहे. पण संस्थेच्या फलकावर लिहिलेला ‘सार्वजनिक’ हा शब्द खरा करणें कोणत्याहि एका ठरावानें होत नाहीं. वर्गणी देणारा प्रत्येक हात देवापर्यंत पोंचतो कीं नाहीं, यावरच त्याचा अर्थ ठरतो. आणि हा हिशेब प्रत्येक वस्तीला आपल्या मंडपांत स्वतःच मांडावा लागतो.